दोन तारामती

इ. स. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हा अयोध्येची पट्टराणी तारामती ही अण्णा साळुंके नावाच्या एका पुरुषाने उभी केली होती. ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या या नाजूक हातांच्या माणसाला फाळके यांनी राणीच्या वेषात कॅमेऱ्यापुढे आणले, ते हौसेने नव्हे, तर नाइलाजाने; कारण पुष्कळ शोध करूनही या भूमिकेसाठी योग्य अशी एकही स्त्री त्यांना मिळाली नव्हती. त्यानंतर एकोणीस वर्षांच्या आतच, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ मुंबईत झळकला. कथा तीच, राजा तोच, सत्वपरीक्षा तीच; परंतु या वेळची तारामती सव्वीस-सत्तावीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली, इंग्रजी शाळेत आणि कॉलेजात शिकलेली, मुंबईतील एका नामांकित सॉलिसिटरची कन्या होती, आणि तिचे नाव दुर्गा खोटे हे जाहिरातीवर उघडपणे छापलेले होते. या दोन तारामतींमधील अंतर कसे तुटले, आणि ते तोडताना एका बाईला काय सोसावे व काय सिद्ध करावे लागले, हा मराठी समाजाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आहे.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतल्याखेरीज या घटनेचे मोल कळावयाचे नाही. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची वहिवाट एवढी दृढ होती, की तिला उणीव म्हणण्याऐवजी वैभव म्हणण्याचा प्रघात पडला होता. ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’तील सिंधू ही रूपे बालगंधर्वांनी अशी काही सजीव केली, की त्यांची लुगडी नेसण्याची ढब आणि गजरा माळण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रिया आवडीने उचलू लागल्या. मात्र ज्या समाजाला पुरुषाने साकारलेली स्त्री एवढी प्रिय होती, त्याला प्रत्यक्ष स्त्रीने तोंडाला रंग लावणे असह्य वाटे. स्त्रियांच्या म्हणून ज्या नाटकमंडळ्या होत्या, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी तुच्छतेची होती. स्वतः फाळके यांना ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्याच चित्रपटासाठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) मिळाल्या. आईने पार्वतीची आणि मुलीने मोहिनीची भूमिका केली, आणि भारतीय चित्रपटातील स्त्री प्रथम पडद्यावर आली. परंतु या मायलेकींच्या धाडसाने प्रतिष्ठित घरांची दारे उघडली नाहीत. इ. स. १९१७ मध्ये ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा त्याच साळुंक्यांकडे गेल्या, यावरून पहिल्या पावलानंतर वाट किती लवकर बुजली हे दिसून येते.

पुढे मूकपटांच्या भरभराटीच्या काळात पडद्यावर स्त्रिया आल्या, त्यांतील कित्येक अँग्लो-इंडियन वा ज्यू समाजातील होत्या. मूकपटाला चेहरा पुरत असे, भाषेची गरज नव्हती. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि एका दिवसात सारा हिशेब बदलला. आता नायिकेला बोलता यावे लागे, शुद्ध बोलता यावे लागे, आणि गाताही यावे लागे. कारण पार्श्वगायनाची युक्ती अजून निघाली नव्हती. सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स यांच्यासारख्या अग्रगण्य तारकेलाही हिंदी भाषेचे धडे घेण्यासाठी काही काळ थांबावे लागले. ज्या गुणांची बोलपटाला अकस्मात निकड भासू लागली होती, म्हणजे वाणीची स्वच्छता, शब्दार्थाची जाण आणि भारदस्त बोलणे, ते गुण ज्या घरांत नांदत होते त्याच घरांनी आपल्या लेकीसुनांना या धंद्यापासून कटाक्षाने दूर ठेवले होते. ही कोंडी फुटण्यासाठी कोणा एका घराला तशीच गरज पडणे आवश्यक होते.

ती गरज खोटे यांच्या घरात उत्पन्न झाली. दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील विख्यात सॉलिसिटर, आई मंजुळाबाई. कथीड्रल शाळेत त्यांचे शिक्षण झाले, पुढे सेंट झेवियर कॉलेजात नाव घातले गेले, आणि कॉलेजात असतानाच खोटे या तितक्याच संपन्न घराण्यात त्यांचा विवाह झाला. पती विश्वनाथ खोटे हे बनारस हिंदू विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले. बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे झाले. येथवरचे आयुष्य म्हणजे त्या काळच्या सुखवस्तू मुंबईकर कुटुंबाचे नेटके चित्र होय. परंतु सासरच्या ऐश्वर्याला ओहोटी लागली, आणि पुढे तरुण वयातच वैधव्यही आले. ज्या बाईने मिळकतीचा विचार कधी केला नव्हता, तिला दोन मुलांच्या शिक्षणाचा आणि पोटाचा विचार करावा लागला. प्रथम शिकवण्या झाल्या. त्यांतून मिळणारी प्राप्ती संसाराला पुरणारी नव्हती, आणि माहेरच्या वा सासरच्या मेहेरबानीवर आयुष्य काढावे हे या मानी स्वभावाला मानवणारे नव्हते. कलेची अनिवार ओढ त्यांना या क्षेत्रात घेऊन आली असे म्हणणे काव्यमय होईल, पण ते खरे नाही. आपण पैशासाठी, स्वावलंबनासाठी या धंद्यात आलो, हे दुर्गाबाईंनी ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात लपवून ठेवलेले नाही, आणि त्या निखळ कबुलीतच त्यांच्या पुढील कर्तृत्वाचे बीज आहे.

आरंभ मात्र अनर्थकारक झाला. दिग्दर्शक मोहन भवनानी यांना आपल्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटातील एका छोट्या बोलक्या प्रसंगासाठी सुशिक्षित तरुणी हवी होती. विचारणा झाली ती दुर्गाबाईंच्या भगिनी शालिनी यांच्याकडे. त्यांनी नकार दिला आणि बहिणीचे नाव सुचविले. अवघ्या काही मिनिटांचे काम, थोडे बोलणे आणि गाणे. उरलेल्या चित्रपटात काय आहे याची दुर्गाबाईंना कल्पनाही नव्हती. इ. स. १९३१ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट अभिरुचीहीन निघाला, आणि जाहिरातींत मात्र लाड यांची कन्या नि खोटे यांची सून म्हणून दोन्ही घराण्यांचा गाजावाजा करण्यात आला. गिरगावापासून दादरपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय झाला. आप्तांनी तोंडे फिरविली. दोन्ही कुळांची इभ्रत एका बाईच्या अविचाराने धुळीस मिळाली, असा निवाडा समाजाने आरोपीला एक शब्दही बोलू न देता देऊन टाकला. एखादी सामान्य धैर्याची व्यक्ती या आघाताने कायमची उंबऱ्याआड गेली असती, आणि तिच्यामागून येऊ पाहणाऱ्या कित्येकींना तेच उदाहरण धाक म्हणून पुरले असते.

परंतु तोच चित्रपट कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या शांतारामबापूंच्या पाहण्यात आला, आणि त्या वाईट चित्रातील त्या क्षणभराच्या दर्शनात त्यांना आपली तारामती दिसली. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम या पाच भागीदारांनी १९२९ मध्ये उभारलेली ही संस्था बोलपटाच्या क्षेत्रात प्रथमच उतरत होती. दुर्गाबाईंच्या दृष्टीने हा निर्णय पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण होता. पहिल्या वेळी अज्ञान तरी ढाल म्हणून पुढे करता येत होते. आता पोळलेले बोट पुन्हा विस्तवाजवळ न्यावयाचे होते. त्या मुंबई सोडून कोल्हापूरला गेल्या.

तेथील कामाचे स्वरूप कसे होते, ते आजच्या वाचकाने डोळ्यांपुढे आणावे. चित्रपट मराठीत आणि हिंदीत अशा दोन्ही भाषांत तयार होत होता. म्हणून एक प्रसंग एका भाषेत पुरा झाला की तोच प्रसंग, त्याच हालचालींसह, दुसऱ्या भाषेत पुन्हा उभा करावा लागे. ध्वनिग्राहक एका जागी लपविलेला असे आणि त्याच्या आवाक्याबाहेर तोंड वळले तर सारा प्रसंग फुकट जाई. गाणे आले की वादक मंडळी चौकटीबाहेर दडून साथ करीत आणि नटीने डोळ्यांत अश्रू आणून, पदर सावरून, त्याच क्षणी सुरांतही राहावयाचे. जोडीला हरिश्चंद्राच्या भूमिकेत साक्षात गोविंदराव टेंबे, ज्यांनी ‘मानापमाना’च्या पदांना चाली दिल्या आणि धैर्यधरही रंगविला, असे मातबर कलावंत. अशा थोर गायकनटाशेजारी उभी राहणारी ही नवखी स्त्री, गाण्यात त्यांची बरोबरी करू शकणार नव्हती हे उघड आहे. परंतु तिने एक निराळीच गोष्ट पडद्यावर आणली. रंगभूमीवरील पुरुषनटांनी घडविलेल्या स्त्रीत्वात लालित्याचा अतिरेक होता, मान वेळावण्याचे आणि पदर चाळविण्याचे शास्त्र होते. दुर्गाबाईंच्या तारामतीला असे काही करून दाखविण्याचे कारणच नव्हते. ती ताठ उभी राही, सरळ पाही, आणि घरातली कर्ती बाई बोलते तशी बोले. काशीच्या बाजारात विक्रीला उभी असलेली ही राणी दासी होत असतानाही राणीच राहते, हा परिणाम त्या नैसर्गिक ताठपणातून साधला होता.

चित्रपटाला अपूर्व यश मिळाले, आणि ज्यांनी तोंडे फिरविली होती त्यांनीच कुटुंबासह तिकिटे काढली. त्याच वर्षी आलेल्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये, स्त्रीराज्याची मानिनी राणी म्हणून शेजारी चित्ता बाळगून सिंहासनावर बसलेल्या दुर्गाबाई पाहून, या बाईच्या पडद्यावरील अस्तित्वातील अधिकार हा केवळ पातिव्रत्याच्या कथांपुरता नाही याची साक्ष पटली. लगेच कलकत्त्याहून बोलावणे आले. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’मध्ये त्यांनी मीरा केली आणि पाठोपाठ देवकी बोस यांच्याच दिग्दर्शनाखाली ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या रामासमोर त्या सीता झाल्या, हा चित्रपट १९३४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण तीत दुर्गाबाईंच्या कारकिर्दीचे मर्म आहे. त्या काळी कलावंत हा कंपनीचा मासिक पगारी नोकर असे. नाटकमंडळीच्या बिऱ्हाडाचीच पद्धत चित्रसंस्थांनी उचलली होती. सकाळी हजेरी, सांगितले ते काम, आणि मुदत संपेपर्यंत अन्यत्र काम करण्यास मनाई. हे बंधन किती जाचक होऊ शके, याचे प्रत्यंतर १९३९ मध्ये आले. करारावरून मतभेद झाला तेव्हा शांता आपटे यांच्यासारख्या लोकप्रिय अभिनेत्रीने पुण्यात प्रभातच्या दारातच उपोषण मांडले होते. दुर्गाबाईंनी मात्र फार लवकर एका कंपनीच्या पदरी राहण्याचे नाकारले. चित्रपटागणिक करार करावा, त्यातील कलमे आधी नीट वाचावीत, काम संपले की मोकळे व्हावे, आणि मग कोल्हापूर असो, कलकत्ता असो वा मुंबई, जेथे योग्य भूमिका मिळेल तेथे जावे, हा परिपाठ आपल्याकडे प्रथम ज्या थोड्या कलावंतांनी घालून दिला, त्यांत त्यांची गणना अग्रभागी होते. सॉलिसिटरच्या मुलीने कराराची किंमत ओळखावी हे साहजिक म्हणता येईल. परंतु आश्रयाऐवजी करार निवडणे म्हणजे सुरक्षिततेऐवजी स्वातंत्र्य निवडणे होते, आणि दोन मुलांचा भार असलेल्या एकट्या बाईसाठी ती निवड सोपी नव्हती.

या स्वतंत्र बुद्धीला साजेशी भूमिका त्यांना पुन्हा प्रभातनेच दिली. कोल्हापूर सोडून पुण्याला स्थिरावलेल्या या संस्थेचा ‘अमरज्योती’ १९३६ मध्ये आला. त्यातील सौदामिनी ही अशी स्त्री आहे, की जिला तिच्याच तान्ह्या मुलाचा ताबा राज्याचा कायदा नाकारतो. पत्नी ही पतीची बटीक, असा न्याय देणाऱ्या दुर्जयाच्या दरबारातून ती बाहेर पडते, समुद्री चाचांची नायिका होते, आणि पुरुषी सत्तेविरुद्ध युद्ध पुकारते. चंद्रमोहन यांच्या भेदक डोळ्यांच्या दुर्जयाला तोलून धरील असे तेज त्या भूमिकेला हवे होते, आणि ते दुर्गाबाईंच्या ठायी होते. मुलासाठी कायद्याशी भांडणाऱ्या आईची कथा, मुलांसाठी रूढीशी भांडलेल्या बाईने सांगावी, हा योगायोग असला तरी त्यामुळे त्या अभिनयाला अनुभवाचे वजन लाभले असे मानण्यास हरकत नाही. हाही चित्रपट व्हेनिसला गेला.

नायिकेचे वय चित्रव्यवसायात फार अल्प असते, आणि कित्येक अभिनेत्रींच्या आयुष्याची शोकांतिका तेथूनच सुरू होते. दुर्गाबाईंनी हे वळण ज्या सहजतेने घेतले ते अभ्यासण्याजोगे आहे. इ. स. १९४१ मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये त्यांनी सुनेला छळणारी खाष्ट सासू उभी केली. ज्या बाईने तारामती आणि सीता केली तिने प्रेक्षकांच्या शिव्याशाप आपण होऊन ओढवून घेणे हे अनेकांना अनाकलनीय वाटले असेल. परंतु पाठोपाठ ‘भरतभेट’मध्ये त्यांनी कैकेयी केली, आणि हिंदीत ‘चरणों की दासी’ व ‘भरत मिलाप’ या नावांनी आलेल्या या दोन्ही भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपत्रकारांच्या संघटनेने त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरविले. रूपाऐवजी स्वभावचित्रणावर भिस्त ठेवल्यामुळे त्यांचे आयुष्य नायिकेच्या अल्पायुषी गादीला बांधलेले राहिले नाही.

चित्रपटातून रंगभूमीकडे येण्याचा त्यांचा प्रवास हा तर सामान्य क्रमाच्या उलटा होता. बोलपटाने नाटकगृहे ओस पाडली होती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतराने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणून ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांना स्त्रीभूमिका दिल्या, तरी पडझड थांबली नव्हती. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या पुढाकाराने नाट्योत्सवांची परंपरा सुरू केली, आणि त्या पुनरुज्जीवनाच्या कार्यात चित्रपटातील ही प्रस्थापित तारका हिरिरीने सामील झाली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई हे त्यांच्या रंगकार्याचे शिखर होय. नारायणराव पेशव्यांच्या वधाची ही कथा. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ करून एका अक्षराने मराठी राज्याचे प्रारब्ध फिरविल्याचा आरोप लोकस्मृतीने जिच्यावर कायमचा ठेवला, ती महत्त्वाकांक्षी स्त्री. नानासाहेब फाटक यांच्या धीरगंभीर, पण मनाने दोलायमान राघोबादादांसमोर अशी आनंदीबाई उभी करावयाची, तर केवळ कपट दाखवून भागत नाही. पतीच्या दुबळेपणाची चीड आणि त्याच्यावरची माया या दोन्ही एकाच वाक्यात ऐकू याव्या लागतात. कॅमेऱ्यापुढे भुवईच्या हालचालीवर निभावते, ते येथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाजाने पोहोचवावे लागे, आणि चुकले तर पुन्हा घेण्याची सवलत नसे. इ. स. १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्ये हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली हीच जोडी पुन्हा एकत्र आली. रंगभूमीवरील या सेवेचा गौरव संगीत नाटक अकादमीने १९५८ मध्ये केला.

उत्तरायुष्याचा पट थोडक्यात सांगता येईल. ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्या जोधाबाई झाल्या, समोर अकबर म्हणून तेच पृथ्वीराज, ज्यांच्या रामासमोर त्या सव्वीस वर्षांपूर्वी सीता होत्या. पिता आणि पुत्र यांच्या युद्धात कोणाच्या विजयाची प्रार्थना करावी हे न कळणारी ती राणी पाहिली, म्हणजे तारामतीचा ताठ कणा येथवर शाबूत राहिल्याचे दिसते. १९६८ मध्ये पद्मश्री, पुढे ‘बॉबी’, आणि ‘बिदाई’तील भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक, असा क्रम चालू राहिला. जोडीला त्यांनी लघुपट, अनुबोधपट आणि जाहिरातपट तयार करणारी स्वतःची संस्था चालविली. दूरदर्शनवर १९८८ मध्ये घराघरांत पोहोचलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका याच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता परिणामांचा विचार करू. दुर्गाबाईंच्या पदार्पणाने चित्रव्यवसायाची प्रतिष्ठा वाढली, सुशिक्षित घरांतील मुलींना ही वाट खुली झाली, हे विधान सर्वत्र केले जाते आणि ते यथार्थही आहे. परंतु त्यात एक अन्याय दडलेला आहे, तो झाकणे योग्य होणार नाही. ज्या स्त्रियांनी त्यांच्यापूर्वी तोंडाला रंग लावला, त्यांच्यापाशी विख्यात वडिलांचे नाव नव्हते, इंग्रजी शिक्षण नव्हते. म्हणून त्यांच्या कष्टांना समाजाने कलेचा दर्जाच दिला नाही. कमलाबाई गोखले यांनी तेराव्या-चौदाव्या वर्षी मोहिनी केली आणि पुढे अख्खे आयुष्य रंगभूमीवर घालविले. तरी ‘कुलीन स्त्री पडद्यावर आली’ ही वार्ता व्हावयास १९३२ साल उजाडावे लागले. कुळावरून कलेची पत ठरविणे ही समाजाची चूक होती, दुर्गाबाईंची नव्हे. त्यांचे श्रेय हे, की ज्या कुलीनपणाच्या नावाने त्यांना प्रथम शिक्षा झाली आणि नंतर मखरात बसविले गेले, त्यावर त्या कधी विसंबल्या नाहीत. त्यांनी विसंबून राहावे असे एकच मानले, आणि ते म्हणजे वेळेवर येऊन, पाठांतर चोख ठेवून, ठरल्या मोबदल्यात केलेले काम. अभिनय हा ना आश्रितांचा नाद, ना श्रीमंतांची हौस. तो कष्टाचा आणि म्हणूनच सन्मानाचा व्यवसाय आहे, हे पन्नास वर्षांच्या वर्तनाने पटवून दिल्यामुळेच त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींना आपल्या वडिलांचे नाव सांगण्याआधी आपले काम दाखविता आले.

इ. स. १९८३ च्या दादासाहेब फाळके पुरस्कारासाठी दुर्गाबाईंची निवड झाली. ज्या फाळके यांना अख्ख्या मुंबईत तारामतीसाठी एक स्त्री मिळाली नव्हती, आणि ज्यांनी अखेर हताश होऊन उपाहारगृहातील एका माणसाच्या अंगावर राणीची वस्त्रे चढविली होती, त्यांच्या नावाचा सन्मान सत्तर वर्षांनी एका तारामतीने स्वीकारला.